हातावर घेतलेली शाल

माझ्याबद्दल छापून येणाऱ्या मजकुरात एक वाक्य हमखास असतं. सत्काराची शाल त्या खांद्यावर घेत नाहीत, दोन्ही हात पुढे करून नम्रपणे स्वीकारतात. गेली तीस वर्षं हे वाक्य एका कात्रणातून दुसऱ्या कात्रणात फिरतंय. एका मासिकाने तर तसे चार फोटो ओळीने छापले होते. साड्या वेगळ्या, केस पिकत गेलेले, हात मात्र तिथेच, छातीपासून वीतभर पुढे. पुढे एका नव्या नटीने माझं बघून तसंच करायला सुरुवात केली आणि तिलाही कोणीतरी नम्र म्हटलं. मी नम्र वगैरे अजिबात नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या कोणत्याही मेकअपमनला विचारा, तो आधी हसेल आणि मग विषय बदलेल.

खरं कारण मी कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर त्याच्या मागचं सगळंच सांगावं लागलं असतं. आणि त्या मागच्या सगळ्यासाठी माझा धाकटा भाऊ तीस वर्षं माझ्या बहिणीला दोषी धरून बसला होता. दोष माझा होता.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे विणकर. दारातून आत आलं की समोर हातमाग, त्याच्या पलीकडे चूल, आणि उरलेल्या जागेत आम्ही. अण्णा, म्हणजे वडील, मागावर. आई मी पाच वर्षांची असताना गेली. तिच्या जागी आक्का आली, म्हणजे माझी थोरली बहीण. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने आम्हा दोघांना वाढवलं, लग्न केलं नाही, आणि अण्णांचे डोळे अधू झाल्यावर मागावरही तीच बसली.

विणकराच्या घरात सुतकाचा एक नियम होता. सुतक फिटेपर्यंत कोरं कापड अंगाला लावायचं नाही. दुसऱ्यांच्या घरी हे सोपं असेल. आमच्या घरात कोऱ्या कापडाशिवाय दुसरं होतं काय? मी नऊ वर्षांची असताना आत्या गेली. त्याच आठवड्यात शहापुरातल्या एका व्यापाऱ्याला लग्नाच्या साड्या पोचवायच्या होत्या, आणि लग्न काही आमच्या आत्यासाठी थांबणार नव्हतं. आक्काने माझे हात कोपरापासून पुढे धरायला लावले आणि त्यांच्यावर साड्या ठेवल्या.

“छातीला लावू नगंस. हातावरच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “जड झालं तर थांब, पन जवळ घिऊ नगंस.”

वडगावपासून शहापूरपर्यंत मी तशी चालले. हात भरून आले. वाटेतली माणसं बाजूला होत होती. काखेत गठ्ठा घेऊन गेलेल्या पोरीकडे कोण बघतंय, पण हातावर कापड घेऊन जाणाऱ्या पोरीच्या घरी काय झालंय हे त्या रस्त्यावर सगळ्यांना कळायचं. कोणी काही विचारलं नाही. व्यापाऱ्यानेही गठ्ठा माझ्या हातावरून न बोलता उचलून घेतला.

बाराव्या दिवशी दुखवटा निघायचा. घरातलं मोठं माणूस प्रत्येकाच्या खांद्यावर कोरं कापड टाकायचं, मग माग पुन्हा सुरू व्हायचा. आत्याच्या वेळी अण्णांनी माझ्या खांद्यावर खणाचा तुकडा टाकला होता. खळ न गेलेला तो तुकडा मानेला टोचत होता आणि मी तो दिवसभर काढला नव्हता.

नाटकात मी कशी गेले, सिनेमात कशी आले, हे मुलाखतींमध्ये इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझं मलाच खरं वाटत नाही. थोडक्यात, शाळेचं नाटक, मग हौशी मंडळी, मग एक कन्नड सिनेमा, कारण त्यांना मराठी येणारी मोलकरीण हवी होती, आणि मग मराठी सिनेमे, कारण त्यांना कन्नड येणारी सासू हवी होती. मोलकरीण आणि सासू यांच्या मधलं वय मला पडद्यावर फारसं मिळालंच नाही. जे मिळालं त्या एका भूमिकेला राज्याचं बक्षीस जाहीर झालं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते.

समारंभ मुंबईला होता. आम्हा सगळ्यांना एका विश्रामगृहात उतरवलं होतं. दुपारी दोनला जेवून खोलीकडे जाताना खालच्या टेबलावरच्या माणसाने मला एक चिठ्ठी दिली. बेळगावहून फोन आला होता. वडील पहाटे वारले, उद्या सकाळपर्यंत थांबतो, लगेच निघ, असं त्याने निळ्या शाईत नीट लिहून घेतलं होतं. ‘वारले’ या शब्दाखाली त्याने रेघ मारली होती. ती का मारली असेल याचा मी पुढे बरीच वर्षं विचार केला.

तीनची गाडी धरली असती तर पहाटे पाचपर्यंत मी घरी पोचले असते. हे गणित मला तेव्हाही येत होतं. मी खोलीत गेले, दार लावलं आणि पलंगावर बसले. रडू आलं नाही. कार्यक्रम सहाला आहे, माझं नाव मध्यावर आहे, आठपर्यंत मोकळी होईन, मग निघेन, असं मी ठरवलं. खरं तर ठरवलं असंही म्हणता येणार नाही. मी उठून केस विंचरायला लागले.

मला ते बक्षीस हवं होतं. एवढंच. कलेसाठी, अण्णांना आवडलं असतं म्हणून, निर्मात्याची अडचण नको म्हणून, ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला सांगून पाहिली. एकही टिकलं नाही.

मंत्री उशिरा आले. भाषणं झाली. माझं नाव पुकारलं तेव्हा दहा वाजायला आले होते. मी पायऱ्या चढले. टाळ्या ऐकू येत होत्या, पण पलीकडच्या घरात वाजत असल्यासारख्या. एक पाहुणे शाल उलगडून माझ्या खांद्यांकडे आले आणि मी मागे सरकले. मी ते केलं असं मला म्हणवत नाही. हातांनी केलं. हात कोपरापासून पुढे आले आणि ती शाल मी हातांवर घेतली, छातीपासून लांब, आणि तशीच धरून खाली उतरले. पाहुणे थोडे गोंधळले, मग त्यांनी मला नमस्कार केला. सभागृहाला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी बाराला मी वडगावला पोचले. नऊ वाजता अण्णांना नेलं होतं. अंगणात पाणी टाकलेलं होतं आणि मागावर पांढरं धोतर पसरलं होतं. भाऊ दारातच होता, डोकं भादरलेला.

“ताई, तुला कळलंच न्हवतं व्हय?” त्याने विचारलं. “आक्कानं तर सांगितलंतं की कळवलंय म्हनून. आमी रातभर बसलो की गं.”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. आतून आक्का आली आणि माझ्या आधी बोलली.

“म्या कळवलं न्हाय तिला. फोन केलता, पन अण्णा गेल्यालं सांगितलं न्हाय. कशी हाईस म्हटलं आन ठिवला. आयुष्यात एकदा बक्षीस मिळतंय, घिऊन येऊ दे म्हटलं.”

फोन केला तेव्हा भाऊ टेलिफोन बूथच्या काचेबाहेर उभा होता. त्याने तिला बोलताना पाहिलं होतं. म्हणून फोन लागला नाही असं तिला म्हणता येत नव्हतं, म्हणून तिने हे असं जुळवलं. भाऊ तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “आमाला उगीच बसवलंस. अण्णास्नी उगीच ठिवलंस. एका बक्षिसापायी.” आणि तो बाहेर गेला. मी उंबऱ्यात उभी होते. मी बोलले नाही. त्या क्षणी नाही, त्या दिवशी नाही. बेळगावच्या वर्तमानपत्रात म्हणे माझा फोटो पहिल्या पानावर आला होता. तो अंक मला घरात कुठे दिसला नाही आणि मी मागितलाही नाही. तिसऱ्या दिवशी शूटिंग होतं. मी निघून गेले. दुखवट्याला मी नव्हते.

वर्षभरात भावाला निपाणीत तंबाखूच्या वखारीत नोकरी लागली आणि तो बिऱ्हाड घेऊन तिकडे गेला. सणावारी तो वडगावला यायचा, गल्लीच्या तोंडाशी चुलतभावाकडे उतरायचा, पण आक्काच्या घरी पाणीसुद्धा प्यायचा नाही. मला मात्र फोन करायचा. माझा प्रत्येक सिनेमा त्याने पाहिला. बायकोमुलांना घेऊन पाहिला. माझी कात्रणं त्याने फाईलला लावलीत. निपाणीत कोणी त्याची माझा भाऊ म्हणून ओळख करून दिली की तो ताठ होतो, हे मला त्याच्या बायकोने सांगितलंय. आक्काचं नाव निघालं की मात्र विषय संपायचा.

आक्काने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. तिने का सांगितलं असं खोटं? चिठ्ठी मला मिळाली हे तिला माहीत होतं, की वाटेत हरवली असं समजून ती मला भावाच्या बोलण्यापासून वाचवत होती? मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, हीच भीती होती.

बक्षिसं येत राहिली. दोन राज्यांची आली. कर्नाटकाने दिलं तेव्हा आमच्या मराठी मंडळींनी तोंड फिरवलं, महाराष्ट्राने दिलं तेव्हा दुसऱ्या बाजूच्यांनी. एका फलकावर मी सीमाभागाची लेक होते, दुसऱ्यावर ‘कर्नाटकद मगळु’, म्हणजे कर्नाटकाची लेक. एकदा एकाच चौकात दोन्ही फलक समोरासमोर लागले होते, दोन्हींवर फोटो मात्र एकच, कारण त्यांनी तो एकाच दुकानात छापून घेतला होता. मी गाडीतून दोन्ही पाहिले आणि ड्रायव्हरला घरचा गॅस सिलिंडर आला का ते विचारलं.

मला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोकांना हे पटत नाही. बक्षीस मिळाल्यावर काय वाटलं, असं विचारतात आणि आपण सांगेपर्यंत माईक धरून उभे राहतात. मी भरून आलं असं सांगायचे. ते बोलताना माझा आवाज बरोबर त्या जागी कापायचा. ते माझं कामच होतं. खरं म्हणजे स्टेजवर चढताना दर वेळी ते पलीकडच्या घरातले आवाज सुरू व्हायचे. शाल पुढे आली की हात पुढे व्हायचे. अंगावर घ्यायची नाही, एवढं एकच मला नक्की कळायचं. घरी येऊन ती शाल मी ज्याला हवी त्याला देऊन टाकायचे. मानचिन्हं पुण्याच्या घरात कपाटात आहेत. त्यांवरची धूळ कामाच्या मावशी पुसतात, आणि एकावरच्या पुतळीचा हात मोडला तो त्यांनी स्वतःच डिंकाने चिकटवून ठेवला. मला महिनाभर कळलंच नव्हतं.

यंदा फोन आला तो वडगाव-शहापूरच्या विणकरांचा. जीवनगौरव. टिळकवाडीत सभागृह घेतलंय, म्हणाले, घरच्या सगळ्यांना बोलावलंय, निपाणीहून भाऊही येतो म्हणालेत. आणि शाल आक्कांच्याच हातून घालायची असं आम्ही ठरवलंय. चालेल ना?

मी चालेल म्हटलं. फोन ठेवला आणि कागदावर दोन वाक्यं लिहिली. चिठ्ठी मला दुपारी दोन वाजता मिळाली होती. आक्काने काहीही लपवलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं पाठ करत आले, ही दोन काही केल्या पाठ होईनात.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी वडगावला गेले. आक्का त्र्याहत्तर वर्षांची आहे. माग विकून टाकून खूप वर्षं झाली. गल्लीत आता पॉवरलूमची खडखड असते. ती शेजारच्यांना कांड्या भरून देते, म्हणजे बाण्याचं सूत छोट्या नळकांडीवर गुंडाळून देते. तिने मला चहा दिला आणि पुन्हा चरख्यापाशी बसली.

“आक्का, मला आज तिथं काहीतरी बोलायचंय,” मी म्हणाले.

“बोल की. तुलाच बोलायला बोलावलंय. मला काय येतंय बोलायला?”

“अण्णांच्या वेळचं.”

तिने हात थांबवला नाही. “त्यो येनार हाय व्हय गं?” तिने विचारलं. भावाचं नाव ती घेत नाही.

“येणार आहे.”

“मग जेवायचं काय करतोय त्यो? तिथं जेवन हाय का?”

“आहे.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग सूत तुटलं आणि ती ते सांधण्यात गुंतली. मी कपबशी विसळून ठेवली.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आक्का, हिरव्या काठाच्या साडीत, चप्पल काढून खुर्चीखाली सारलेली. चौथ्या रांगेत भाऊ. त्याने जाताना आक्काला पाहिलं आणि न थांबता पुढे गेला. माझ्यावर एक लघुपट दाखवला. त्यात ते चार फोटो होते आणि मागे कोणीतरी माझ्या नम्रतेबद्दल घोगऱ्या आवाजात सांगत होतं. मग आक्काला वर बोलावलं. दोन बायकांनी तिला हात धरून आणलं. तिच्या हातात शाल दिली.

शाल घडीतच होती. आक्काने आधी ती उलटी करून मागची बाजू बघितली, अंगठ्याने वीण चाचपली. सभागृहात हशा पिकला. तिला त्याचं काही नव्हतं. विणकरीण कापड उलटं करून बघणारच. मग तिने घडी मोडली आणि माझ्याकडे आली.

माझे हात पुढे झाले. कोपरापासून, नेहमीसारखे. मी एक पाऊल मागे गेले. फोटो काढणारे सरसावले, त्यांना हेच हवं होतं.

आक्काने माझ्या हातांकडे पाहिलं. मग एका हाताने ते दोन्ही खाली दाबले. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात एवढं बळ असतं हे मला ठाऊक नव्हतं. तिने शाल माझ्या खांद्यावर टाकली, पुढून ओढून घेतली, आणि माईकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “बास झालं आता. तुझा दुखवटा तेवढा ऱ्हायलाता. म्या काढला.”

तेव्हा मला कळलं. त्या सकाळच्या वर्तमानपत्रातला फोटो तिने पाहिला होता. हातावरची शाल पाहिली होती, आणि मला माहीत असूनही मी तिथे उभी होते, हे तिला त्या एका फोटोवरून समजलं होतं. मी बाराला दारात पोचण्याआधीच समजलं होतं. म्हणून अंक घरात नव्हता. म्हणून ती माझ्या आधी बोलली होती. भाऊ आत्याच्या वेळी चार वर्षांचा होता, त्याला त्या हातांचा अर्थ कळला नसता, पण त्याला तो सांगू शकतील अशी माणसं गल्लीत तेव्हा होती. आक्काने तीस वर्षं मला काही विचारलं नाही, कारण तिला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मला माझं बोलणं नीट आठवत नाही. कागद काढला नाही एवढं नक्की. मी म्हणाले, “माझे वडील गेल्याची चिठ्ठी मला दुपारी दोन वाजता मिळाली होती. मी ती वाचली आणि बक्षीस घ्यायला गेले. आक्काने मला कळवलं होतं. तिने काही लपवलं नव्हतं, माझ्यासाठी तिने तसं सांगितलं.” आवाज कापला नाही. कापायला हवा होता की काय, लोकांना काही समजेना. कोणीतरी एकट्यानेच टाळी वाजवली आणि थांबवली. आक्का बाजूला उभी होती, माझ्यावर चिडलेली.

“कशाला ते आता,” ती म्हणाली, आणि हे मात्र माईकमध्ये गेलं.

कार्यक्रम कसाबसा संपला. लोक जेवणाकडे वळले. मी व्यासपीठावरून उतरले तेव्हा आक्का तिच्या खुर्चीपाशी उभी होती आणि भाऊ तिच्यासमोर. तोही आता साठीला आलाय.  त्याने विचारलं, “खरं हाय ती म्हनती ते?”

 आक्का पायाने खुर्चीखाली चाचपडत होती.

“आक्का, मी काय इचारतोय?”

“चप्पल सापडंना माझी,” ती म्हणाली. “बघ बघू जरा खाली. मला वाकाय येत न्हाय.”

 तो गुडघ्याला हात देऊन खाली बसला आणि खुर्चीखाली डोकं घातलं. चप्पल मागच्या रांगेत सरकली होती. त्याने ती ओढून आणली आणि तिच्या पायापुढे ठेवली, आधी उजवी, मग डावी, आणि पाय सरकेपर्यंत धरून राहिला. उठताना त्याचं तोंड ओलं होतं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बघेल असं मला वाटलंही नव्हतं.

दोघं जेवणाच्या मंडपाकडे गेले, तो पुढे, ती त्याच्या दंडाला धरून. मी मागे रिकाम्या खुर्च्यांत उभी होते. शाल नवीन होती, खळ गेलेली नव्हती आणि मानेला टोचत होती. मी ती काढली नाही.